मोंढ्याची पट्टी आणि पेटीची पट्टी

काकू, नमस्कार.

सेलू तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय शेहेचाळीस. घरात सासूबाई, हे, मी आणि आठवीतला मुलगा. मोठी मुलगी लातूरला नीटच्या क्लासला आहे. सहा एकर शेती. यंदा तुरीचे पैसे आले, तेव्हा असं ठरलं होतं की पोरीच्या हॉस्टेलचा हप्ता भरायचा आणि उरलेल्यात घरघंटी घ्यायची. गिरणी पार वेशीजवळ आहे, डोक्यावर दळण घेऊन जावं लागतं. चार घरांचं दळण घरी दळलं तर माझ्या हातातही काही राहील, हा माझा हिशेब. हे पोरीला सोडायला लातूरला गेले आणि परत आले ते एसटीतून मांडीवर पेटी घेऊन. हार्मोनिअम. बावीस हजारांची! ना पाडवा, ना लग्नाचा वाढदिवस.

माझं माहेर अंबाजोगाई. लग्नाआधी मी दोन वर्षं एका गुरुजींकडं पेटी शिकले होते. पुढं ते सुटलं. योगेश्वरीच्या देवळात एकदा भजन ऐकताना मी यांना तसं बोलले म्हणे, मला ते आठवतही नाही. वीसेक वर्षं झाली असतील. पेटी बघून माझ्या तोंडून निघालं, ‘पीठ पडंल का ह्याच्यातून?’ हे काहीच बोलले नाहीत. चहा न पिता रानात गेले. आज आठ दिवस पेटी बाजेवर वाकळेखाली झाकून ठेवलीय. सासूबाई येता-जाता म्हणतात, ‘आता सूनबाई कीर्तनाला साथ करायला जायलीय व्हय?’ दुकानदार परत घ्यायला तयार आहे, पण सतराच हजार देतो म्हणतो.

परत करू का? ठेवली तर या वयात मला कोण शिकवणार, लोक काय म्हणतील? राग तर जात नाही. आणि रात्री सगळे झोपले की नजर त्या वाकळेकडंच जाते.

– एक अवघडलेली

*

ताई,

‘पीठ पडंल का ह्याच्यातून?’ वाचून मी आधी मोठ्यानं हसले. मग चष्मा काढून थोडा वेळ तशीच बसले. असलंच एक वाक्य माझ्याही नावावर जमा आहे. ते पुढं सांगते. आधी पैशाचं बोलू, कारण तुमच्या पत्रात पैसा सगळ्यात वर आहे आणि तो तिथंच असायला हवा.

‘एवढ्या हौसेनं आणलंय, पैशाचं काय घेऊन बसलीस’ असं एव्हाना तुम्हाला कुणीतरी म्हटलं असेल. मी म्हणणार नाही. तूर दोघांची. खुरपायला तुम्ही होतात, खळ्यावर रास पडेपर्यंत तुम्ही होतात. धान्याच्या मोंढ्यात आडत्या हिशेबाची पट्टी करतो तेव्हा हमाली किती, तोलाई किती, सगळं कागदावर मांडून मगच वजा करतो. बावीस हजार वजा करताना घरातल्या भागीदाराला एक फोन तरी करायला हवा होता. फोन केला असता तर पेटी आलीच नसती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच केला नसणार. त्यांचं कारण मला कळतं. तरी चूक ती चूकच.

हॉस्टेलचा हप्ता भरला की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आज संध्याकाळी पहिलं तेवढं विचारा. राहिला असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी तो भरायची सोय बघा. भरला असेल तर प्रश्न उरला घरघंटीचा, आणि तो सुटण्यासारखा आहे. बचत गटात असाल तर गटातून अंतर्गत कर्ज निघतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर पडत असतील तर त्यातून हप्ते जातील. गट नसेल तर दसऱ्यानंतर सोयाबीनची पट्टी येईल, तिच्यातली पहिली वजावट घरघंटीची, हे नवऱ्याच्या तोंडून वदवून घ्या. सासूबाईंच्या समोर. साक्षीदार पक्का असला की माणूस शब्द फिरवत नाही. (जाता जाता: घरापुरती घरघंटी वेगळी आणि रोज चार घरांचं दळण दळणारी वेगळी. दुकानात तसं स्पष्ट सांगून घ्या, आणि तुमच्या गावात दुपारी व्होल्टेज किती राहतं तेही बघा. नाहीतर मोटार जळली की तुम्ही पुन्हा मलाच पत्र लिहाल.)

हा हिशेब मात्र पेटीजवळ बसून करू नका. चुलीपाशी करा, रानात करा. मोंढ्याची पट्टी निराळी आणि पेटीची पट्टी निराळी. तुम्ही आठ दिवस दोन्ही एकाच वाकळेखाली झाकून ठेवल्यात.

आता माझं सांगते.

आम्ही तेव्हा नांदेडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. मी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, नोकरी काही लागली नव्हती. हे ऑफिसच्या कामानं हैदराबादला गेले आणि येताना एक लांबट खोका घेऊन आले. आत बुलबुल तरंग. आपल्याकडं त्याला बेंजो म्हणतात ना, तेच. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. मी विचारलं, ‘हे काहून आणलं?’ तर म्हणाले, ‘ह्याची बटणं टायपिंगच्या मशीनसारखी आहेत. मला वाटलं, तुला जमंल.’

ताई, आज हे लिहिताना मला हसूही येतं आणि घसाही दाटतो. त्या माणसाला संगीतातलं काही कळत नव्हतं. बायकोची बोटं टायपिंगवर भराभर चालतात एवढंच त्यानं बघितलेलं, आणि ती बोटं आता नुसती भाजी निवडतात हेही बघितलेलं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ‘दोन महिन्यांचं दूध आलं असतं एवढ्यात.’ खरंच आलं असतं. माझा हिशेब एका पैशानं चुकला नव्हता. बेंजो कपाटावर गेला, दुसऱ्या दिवाळीला भाच्याला देऊन टाकला. ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, की तो कुठं गेला.

त्यानंतर तीस वर्षं त्यांनी माझ्यासाठी जे जे आणलं ते विचारून आणलं. ‘काय आणू?’ आणि मी सांगेन तेच, त्याच रंगाचं, त्याच दुकानातून. एकही वस्तू वाया गेली नाही. बाहेरगावाहून यायचे तेव्हा पिशवीत काय असेल हे मला आधीच ठाऊक असायचं.

म्हणून पेटी परत करू नका. पाच हजारांचं नुकसान होतं म्हणून नव्हे, तेही काही थोडं नाही. पण सतरा हजार घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय पक्कं होईल, त्याचा विचार करा. तो पुन्हा विचारल्याशिवाय काही आणणार नाही. तुम्हाला ते आज हवंच आहे, मला कळतं. तरीही.

आता तुमच्या रागाबद्दल. मला तो निम्माच पैशाचा वाटतो. कुकर आला, मिक्सर आला, फ्रीज आला. नाव तुमचं झालं तरी ते सगळं घराचं. घरघंटी आली तरी तिचं पीठ अख्खं घर खाईल. पेटी ही तुमच्या घरात आलेली अशी पहिली वस्तू आहे की जिचा तुमच्याशिवाय कुणालाच काही उपयोग नाही. अशी वस्तू नुसती घरात असली तरी बाईला अवघडल्यासारखं होतं. ती रोज विचारते, बसतेस का घटकाभर? आणि ती घटका आणायची कुठून, धारा काढणं सोडून की भाकरी सोडून?

ह्याचं उत्तर मात्र पेटी आणणाऱ्याला द्यायला लावा. साडी दिली की काम संपतं. वाजवायची वस्तू दिली की सोबत वेळही द्यावा लागतो, नाहीतर ती भेट अर्धीच. त्यांना म्हणा, ‘पेटी आणलीत ना, मग संध्याकाळची धार तुमच्याकडं.’ मुलगा आठवीत आहे, सायकल चालवतो; वेशीवरून दळण आणायला त्याला काय धाड भरलीय? अर्धा तास सुटला पाहिजे, आणि तो रोज एकाच वेळी सुटला पाहिजे.

सासूबाई. त्यांचं ‘कीर्तनाला साथ’ मला फार आवडलं, पण त्यांना सांगू नका. जुन्या माणसांना पेटी म्हटलं की एकतर कीर्तनातला पेटीवाला आठवतो, नाहीतर तमाशाचा फड. घरच्या बाईच्या पुढ्यात ती त्यांना दिसतच नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. पेटीची गोष्ट सांगा. सुनेची गोष्ट म्हणूनच सांगा, कारण ती तशीच आहे.

हार्मोनिअम आपल्याकडची नव्हे. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबें नावाच्या कारागिरानं ती ह्या नावानं पुढं आणली. तिकडं ती टेबलासारखी उभी असायची, वाजवणारा खुर्चीवर बसायचा, भाता पायानं मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा. इकडं आली आणि पंचाईत झाली, कारण आपली बैठक जमिनीवर. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, भाता मागं हाताशी आणला आणि तिला मांडी घालून बसायला लावलं. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. म्हणजे सासरी आल्यावर बसणं-उठणं बदललं, एक हात कायमचा कामाला जुंपला, आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळीच! पेटीचे सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड निघत नाही, आपल्या गाण्याच्या बारीक श्रुती तिच्यात नाहीत, अशा तक्रारी. शेवटी १९४० साली आकाशवाणीनं तिला दाराबाहेर काढलं. तीसेक वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती. आणि तेवढ्या काळात गावोगावच्या देवळांत, भजनांत, नाटकांत तिच्याशिवाय पान हलत नव्हतं. बंदी उठली १९७१ मध्ये. एवढं सोसून टिकलेली सून सासूबाईंना आवडेल, असा माझा अंदाज.

आणि पेटी हे काही परक्या मुलखाचं वेड आहे, असं त्यांना वाटत असेल तर सांगा, भीमसेन जोशींच्या साथीला बसणारे अप्पा जळगावकर आपल्या जालन्याकडचे. २००० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या माहेरच्या शेजारचं आपेगाव (पैठणजवळचं ज्ञानेश्वरांचं ते वेगळं, हे अंबाजोगाई तालुक्यातलं) तिथल्या शंकरबापू आपेगावकरांना पखवाजासाठी १९८६ ची पद्मश्री. टाळ-मृदंगाच्या गजरात वाढलेला माणूस. आपल्याकडं गाणं-वाजवणं शहरातून खेड्यात आलेलं नाही. ते सप्ताहाच्या मांडवातून, काकड्यातून, हरिपाठातून वर आलेलं आहे. बाकी तुम्ही औंढा नागनाथाहून काही फार लांब नाही. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन गायला लागले आणि देऊळच फिरलं, ही गोष्ट सासूबाईंनी तुम्हाला दहादा सांगितली असेल. देऊळ फिरलं, तर सासूबाईंची मान का नाही फिरणार?

आता ‘या वयात कोण शिकवणार’. हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यात कच्चा वाटलेला प्रश्न, कारण दोन वर्षं शिकलेली बाई हा प्रश्न विचारतेय. बोटं विसरत नाहीत. पहिले चार दिवस ती रुसल्यासारखी करतील, मग सा-रे-ग, रे-ग-म असे पलटे तुम्ही न सांगता फिरवायला लागतील. कणीक तिंबून, खुरपं धरून हात राठ झालेत, असं मनात असेल तर काढून टाका. पेटीला जोर लागतच नाही. जोरानं दाबलेली पट्टी आणि हलकी दाबलेली पट्टी सारखीच वाजते. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यानं. नव्या माणसाची खोड अशी की तो भाता धापा टाकल्यासारखा मारतो. तुम्ही सावकाश मारा, झोपलेल्या लेकराला थोपटतो तसा.

पहिल्या दिवशी वाजवायला बसू नका, सूर शोधायला बसा. सगळे रानात गेल्यावर वाकळ काढा, पुढच्या खुंट्या ओढा. (खुंट्या न ओढता भाता कधी मारू नका. हवेला वाट मिळत नाही आणि भात्याच्या सांध्यांवर ताण येतो.) एक पट्टी दाबून ठेवा आणि तिच्यात आपला ‘सा’ लावा. बायकांचा आवाज बहुतेक करून पांढरी पाच, काळी चार, काळी पाच (म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, चौथी आणि पाचवी काळी) ह्यांच्या आसपास बसतो. पण मी म्हणते म्हणून तीच धरू नका. खाली मंद्रातला प आणि वर तार सप्तकातला प, दोन्हींपर्यंत गळा न ताणता पोचला की ती तुमची पट्टी. तुमच्या गुरुजींनी तेव्हा ठरवून दिलेली आता एखाद्या पट्टीनं खाली उतरलेली असेल. शेहेचाळिशीत उतरतेच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, गळा खाली भरतो.

एक गंमत सांगते, ती कदाचित गुरुजींनी दाखवली नसेल. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. काळी तीन हा ‘सा’ धरायचा आणि तिथून क्रमानं फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जायचं: तीन, चार, पाच, मग वरच्या सप्तकातली एक, दोन आणि पुन्हा तीन. कानाला काय येतं? सा रे ग प ध सा. भूप! आता त्याच काळ्या पट्ट्या, पण ‘सा’ काळी एकवर धरा. तेच पाच सूर, आणि राग झाला दुर्गा. एकही चुकीची पट्टी लागण्याची भीती नाही. दिवेलागणीला भूप वाजवायचा असतो, आणि तुमचा अर्धा तासही बहुधा तेव्हाच सुटेल. पाच काळ्या पट्ट्यांवर पंधरा दिवस नुसतं फिरलात तरी चालेल. घरातलं कुणी जवळपास असेल तर त्याला ते गाण्यासारखंच ऐकू येईल, आणि ‘काय वाजवायलीस’ असं कुणी विचारलंच तर सांगायला रागाचं नाव तयार.

मास्तर तुमच्या गावातच आहे. भजनी मंडळात पेटीवर बसणारा कुणीतरी असतोच. साठीतला असेल, त्याला घरी बोलवा, चहा द्या, आधी पेटी दाखवा. पेटीवाल्यासमोर नवी पेटी ठेवली की तो स्वतःहून तासभर बसतो. शिकवा म्हणायचीही गरज पडत नाही. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घ्या. पेटीत किती सुरांचा संच आहे, खरज-नर की खरज-नर-नर (खरज म्हणजे खालचे सूर, नर म्हणजे मधले), ते बघून घ्या. आणि प्रत्येक पट्टी वाजवून एखादी फसफसतेय का, चिकटतेय का, ते तपासा. तसं काही निघालं तर आत्ताच दुकानदाराच्या गळ्यात मारता येईल. मोबाइलवर शिकवणारेही चिक्कार आहेत. पण हाताची बोटं चुकीची पडली तर मोबाइल टोकत नाही. पेटीवाला टोकतो, कधी कधी फार टोकतो.

लोक काय म्हणतील? आठ दिवस म्हणतील. नवव्या दिवशी कुणाची तरी सून माहेरी निघून जाईल आणि तुमची सुटका होईल. मग हरिपाठाला बायका जमल्या की त्यातलीच एखादी म्हणेल, ‘पेटी आण की गं.’ तेव्हा लगेच हो म्हणू नका, दोन महिने तरी लांबवा. भजनात साथ करायची म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यामागं धावायचं, आणि आपल्याकडच्या बाया एकदा रंगल्या की पट्टी सोडून कुठं जातील, सांगता येत नाही.

पेटी जपण्याचं थोडं. ती वाकळेखाली बाजेवर आहे, हे वाचून मला पहिली आठवण उंदरांची झाली. भात्याला आणि आतल्या झडपांना कातडं असतं, आणि शेतकऱ्याच्या घरात धान्याच्या पोत्यांमागं कोण असतं हे मी तुम्हाला काय सांगायचं? तिला पेटारा करून घ्या, नाहीतर निदान झाकणाचा खोका बघा. आता उन्हाळा येईल. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. लाकूड तडकतं, फळ्या सुटतात, आणि हवा गळायला लागली की भाता मारून मारून हात दुखतो. कूलरसमोर तर मुळीच नको. आपल्याकडं मे महिन्यात सगळं घर कूलरपुढं सरकतं, पेटीही सरकते, आणि त्या ओल्या वाऱ्यानं पट्ट्या फुगून अडकतात. पट्टी अडकली तर खोबरेल सोडू नका, शिलाई मशीनचं तेल तर नाहीच. आतल्या पितळी सुरांवर तेल बसलं की त्यावर धूळ बसते आणि सूर बसतो. वाजवून झालं की भाता दाबून कडी लावा, खुंट्या आत ढकला. मुलाला सांगा, जाळी काढून आत काय आहे ते बघायचं नाही. तो बघणारच. पण सांगा.

शेवटी तुमचे हे. आठ दिवस तेही गप्प आहेत, तुम्हीही गप्प आहात. ‘चुकलं माझं’ म्हणत जाऊ नका. तुमचं अर्धंच चुकलंय, आणि त्यांचंही अर्धं. अशा वेळी माफी मागितली की हिशेब आणखी बिघडतो. त्याऐवजी त्यांना काम सांगा. पहिल्या दिवशी तुमचा भाता आणि बोटं दोन्ही एका वेळी जमणार नाहीत. इतक्या वर्षांनी कुणाचंच जमत नाही. त्यांना म्हणा, ‘जरा इथं बसा, भाता धरा.’ ते मागं बसतील, दोन्ही हातांनी भाता मारतील, फार जोरात मारतील, तुम्ही ‘हळू’ म्हणाल. तुमचे दोन्ही हात मोकळे असतील. वीस वर्षांपूर्वी योगेश्वरीच्या देवळात तुम्ही नेमकं काय बोलला होतात, ते तेव्हा विचारा. तुम्हाला आठवत नाही, त्यांना आठवतं.

घरघंटी आली की कळवा. तिची घरघर कुठल्या पट्टीत आहे, तेवढं पेटीवर लावून बघा. मला पांढरी दोन वाटते.

– तुमची काकू